प्रामाणिकपणाचं व्याज कोण भरतं?

लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराची गोष्ट महाराष्ट्रात उद्योजकतेवर बोलणाऱ्या प्रत्येक वक्त्याला पाठ असते. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत, त्यामुळे नांगर तयार असूनही घेणारा कोणी नाही, पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली, तरी लक्ष्मणरावांनी धीर सोडला नाही. इथे टाळ्या पडतात. मग वक्ता समोर बसलेल्या पोरांकडे बोट दाखवून विचारतो, आहे का तुमच्यात ही चिकाटी?

गोष्ट खरी आहे, पण अर्ध्यावर सोडलेली आहे. माल दोन वर्षं पडून राहिला तर त्या दोन वर्षांचा खर्च कशातून निघाला, हे कोणी सांगत नाही. बेळगावात १८८८ पासून भाऊ रामूअण्णांसोबत सायकलींचं दुकान होतं. कडबा कापायच्या यंत्रांना गिऱ्हाईक होतं. म्हणजे नांगर न खपण्याचा तोटा सोसायला दुसरी कमाई पाठीशी होती. पुढे बेळगावच्या नगरपालिकेने नव्या वस्तीसाठी कारखान्याची जागा घेतली आणि लक्ष्मणराव उघड्यावर आले, तेव्हा औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी उभे राहिले. त्यांनी दहा हजार रुपये कर्ज दिलं आणि कुंडल रोड स्टेशनजवळचा ३२ एकरांचा, निवडुंगाने भरलेला माळ दिला. १० मार्च १९१० ला तिथे कामाला सुरुवात झाली. आज त्या स्टेशनाचं नाव किर्लोस्करवाडी आहे. त्या काळचे दहा हजार म्हणजे मोठी रक्कम, आणि देणारा कोणी मोठा महाराजा नव्हता. औंध हे साताऱ्याकडचं एक लहानसं संस्थान. कारखानदाराच्या धीराची किंमत काही वर्षं आपल्या खजिन्यातून सोसायची तयारी एका राजाने दाखवली, तेव्हा तो धीर टिकला.

यात लक्ष्मणरावांचा मोठेपणा कमी होत नाही. पण भाषणातून राजा गळतो, सायकलींचं दुकान गळतं, आणि एका माणसाच्या निश्चयाशिवाय काही उरत नाही. मग चिकाटी ही रक्तात असण्या-नसण्याची गोष्ट ठरते आणि ज्याचा धंदा बुडाला तो आपोआप कच्च्या दिलाचा.

आणखी एक तपशील भाषणात कधी येत नाही. लक्ष्मणराव मुंबईला गेले ते चित्रकार व्हायला. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत असताना लक्षात आलं की आपल्याला रंग नीट ओळखता येत नाहीत. त्यांनी चित्रकला सोडली आणि यांत्रिक रेखाटनाकडे वळले. पुढे व्हीजेटीआय या मुंबईतल्या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवायला लागले, तिथे बढती आपल्याला डावलून दुसऱ्याला दिली गेली, तेव्हा ती नोकरीही सोडली. चिकाटीचा आदर्श म्हणून ज्यांचं नाव घेतलं जातं त्यांच्या आयुष्याची सुरुवातच अशी दोनदा सोडून देण्याने झाली आहे. आपल्याला रंग दिसत नाहीत हे स्वतःशी कबूल करणं हा प्रामाणिकपणाचा पहिला प्रकार, आणि माझ्या मते सगळ्यांत अवघड. तिथे गाडी अडली असती तर जिद्दीने वाईट चित्रं काढणारा आणखी एक माणूस मुंबईत राहिला असता.

औंधच्या राजासारखंच, पण राजाशिवाय घडलेलं एक उदाहरण त्याच काळातलं आहे. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड काढला. माणशी एक पैसा, अशा वर्गणीतून देशी उद्योग उभे करायचे. लोकमान्य टिळकांचा पाठिंबा होता. त्या पैशांतून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. काच ओतण्याच्या कामात सुरुवातीला फुटका माल किती निघतो हे ज्याने भट्टी पाहिली आहे त्यालाच ठाऊक. ती फूट एकट्या मालकाने सोसायची म्हटली असती तर कारखाना फार दिवस चालला नसता. हजारो वर्गणीदारांनी एकेक पैशाची फूट सोसली. काचकामाचं शिक्षणही तिथे मिळू लागलं. १९१६ मध्ये ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ काचेचा कारखाना काढला. तोही पुन्हा औंध संस्थानातच. ज्यांच्या घरात वीज उशिरा आली त्या पिढीला प्रभाकर कंदील कुणाचा होता हे सांगावं लागत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की धंद्यात चिकाटी आणि प्रामाणिकपणा या दोन्ही गोष्टींना पैसे लागतात. चिकाटी म्हणजे वाट बघण्याची ऐपत. प्रामाणिकपणा ही वाट बहुतेक वेळा लांबवतो, कारण खोटं बोलून आज मिळणारे पैसे खरं बोलून उद्या मिळतात, आणि कधीकधी मिळतच नाहीत. मधल्या काळाचं व्याज कुणीतरी भरतं. शंभर वर्षांपूर्वी ते कधी संस्थानिकाने भरलं, कधी वर्गणीदारांनी. आज ते सगळ्यांत लहान माणूस भरतो आणि वर प्रामाणिकपणाचं व्याख्यानही त्यालाच ऐकवलं जातं.

हे हवेत बोलायचं नसेल तर कोल्हापूरच्या शिरोलीतली एखादी लहान फाउंड्री, म्हणजे धातूच्या ओतकामाचा कारखाना, डोळ्यांसमोर आणा. समजा, तिने एका मोठ्या कंपनीला दहा लाखांचं कास्टिंग, म्हणजे ओतीव सुटे भाग, पुरवलं. बिल झालं, त्यावर अठरा टक्क्यांनी एक लाख ऐंशी हजार जीएसटी लागला. हा कर पुढच्या महिन्याच्या विसाव्या-पंचविसाव्या तारखेपर्यंत सरकारात भरायचा. भंगार आणि पिग आयर्न घेताना दिलेला कर त्यातून वजा होतो हे खरं, पण मजुरीचा, भट्टीचा आणि नफ्याचा वाटा जेवढा, त्यावरचा कर खिशातूनच जातो. समोरून पैसे आलेत का, हे सरकार विचारत नाही. महावितरणचं बिल ठरल्या तारखेला येतं. भंगारवाला फार तर आठ-पंधरा दिवस थांबतो. मोल्डिंगवाल्या पोरांचा पगार दहा तारखेच्या पुढे ढकलता येत नाही. आणि कंपनी पैसे देते नव्वद दिवसांनी, कधी एकशेवीस. फाउंड्रीच्या मालकाने कॅश क्रेडिटवर, म्हणजे बँकेच्या फिरत्या कर्जावर, बारा टक्क्यांनी पैसे उचलले असतील तर दहा लाखांवर तीन महिन्यांचं व्याज तीस हजार होतं. लहान फाउंड्रीत दहा लाखांच्या मालामागे हातात किती सुटतं हे विचारून पाहा, म्हणजे तीस हजारांचा अर्थ कळेल.

दुसऱ्या बाजूला खरेदीदार कंपनी काय करते? तिला त्या एक लाख ऐंशी हजारांचं क्रेडिट, म्हणजे स्वतःच्या जीएसटीतून तेवढी वजावट, बिलाच्या आधारावर लगेच घेता येतं. पुरवठादाराला १८० दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर ते क्रेडिट व्याजासह परत करायचं, एवढीच जीएसटी कायद्याची अट. म्हणजे फाउंड्रीवाल्याने भरलेल्या कराचा फायदा कंपनी सहा महिन्यांपर्यंत घेऊ शकते, त्याला एक रुपयाही न देता. लहानाने मोठ्याला बिनव्याजी कर्ज द्यायचं, ते कर्ज द्यायला स्वतः व्याजाने पैसे काढायचे, अशी ही व्यवस्था आहे आणि जीएसटी कायद्यापुरती ती पूर्णपणे कायदेशीर आहे.

आता याच मालकाच्या हातात एक कास्टिंग आलं आहे, ज्यात ब्लो होल, म्हणजे ओतताना हवा अडकून राहिलेली पोकळी, आहे. बारीकसं. लांबी, म्हणजे पुट्टी, भरून, घासून, वर रंग मारला तर कंपनीच्या क्यूसीला, म्हणजे दर्जा तपासणाऱ्यांना, दिसणार नाही. प्रामाणिक माणूस ते पुन्हा भट्टीत टाकतो. वीज गेली, वेळ गेला, डिलिव्हरी दोन दिवस लांबली, कंपनीने उशिराबद्दल डेबिट नोट लावली, म्हणजे बिलातून पैसे कापले. शेजारच्या शॉपमध्ये लांबी भरली गेली आणि माल वेळेवर गेला. लोक म्हणतात, शेवटी चांगला माल देणाराच टिकतो. टिकतो, जर शेवटपर्यंत श्वास पुरला तर. शेजाऱ्याची लांबी सहा महिन्यांनी शेतातल्या पंपात उघडी पडेल, तोवर कदाचित आपला प्रामाणिक मालक शॉप भाड्याने देऊन मोकळा झाला असेल. त्याला कुठल्याच व्यासपीठावर कोणी बोलावत नाही. व्यासपीठावर टिकलेलेच येतात आणि आपण प्रामाणिकपणामुळे टिकलो असं मनापासून सांगतात. बुडालेल्या प्रामाणिकांची यादी कोणी ठेवत नाही, म्हणून तो दावा खोडताही येत नाही.

बँकेच्या टेबलावर तर ही गोष्ट आणखी विचित्र होते. कॅश क्रेडिट खात्यावर दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यावं लागतं. किती माल पडून आहे, किती येणी आहेत, त्यावर त्या महिन्यात किती उचल घेता येईल हे ठरतं. नव्वद दिवसांपेक्षा जुनी येणी बँका सहसा त्यात धरत नाहीत. म्हणजे कंपनीने एकशेवीस दिवस लावले की फाउंड्रीवाल्याला दुहेरी फटका. पैसे आले नाहीत म्हणून उचल जास्त हवी, आणि पैसे आले नाहीत म्हणूनच उचल कमी मिळते. या टप्प्यावर कितीतरी सरळ माणसं पहिल्यांदा खोटं लिहितात. येणं जुनं असेल तर बिलाची तारीख पुढची टाकतात. माल नसेल तर कागदावर चार टन वाढवतात. पुढच्या महिन्यात पैसे आले की दुरुस्त करू, असं ठरवून. पुढच्या महिन्यात आकडा थोडा आणखी फुगतो.

याच रस्त्याचं दुसरं टोक २००९ साली देशाने पाहिलं. ७ जानेवारीला सत्यम कॉम्प्युटर्स या सॉफ्टवेअर कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला लिहिलेलं पत्र बाहेर आलं. वाघावर बसलो होतो, तो आपल्याला खाणार नाही अशा रीतीने उतरायचं कसं ते कळत नव्हतं, हे त्यातलं वाक्य सगळ्यांनी छापलं. मला त्यापेक्षा त्यातले आकडे बोलके वाटतात. सप्टेंबर २००८ च्या तिमाहीत कंपनीने २,७०० कोटींची विक्री आणि ६४९ कोटींचा नफा दाखवला होता. नफ्याचं प्रमाण २४ टक्के. खरी विक्री २,११२ कोटी होती आणि खरा नफा ६१ कोटी, म्हणजे ३ टक्के. बँकेत ५,३६१ कोटी दाखवले होते, त्यातले ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते.

बहुतेकांना आठवतात ते न असलेले पाच हजार कोटी. पण तीन टक्क्यांचा आकडा विसरू नये. ती कंपनी पोकळ नव्हती. हजारो इंजिनिअर खरोखर काम करत होते, खरी गिऱ्हाइकं होती, दोन हजार कोटींची विक्री खरी होती. सुरुवातीचा फरक किरकोळ होता, तो वर्षांमागून वर्षं वाढत गेला, असं राजूंनीच लिहिलं आहे. आणि तो झाकण्यासाठी त्यांनी जी मेहनत घेतली तिला चिकाटी नाही तर काय म्हणायचं? दर तिमाहीला, न चुकता, वर्षानुवर्षं. यशाची व्याख्यानं देणारे जे जे गुण सांगतात, म्हणजे हार न मानणं, ध्येयावर नजर, लोक काय म्हणतील याची पर्वा न करणं, ते सगळे त्या खोट्यात ओतलेले होते. चिकाटी हा सद्गुण आहे असं आपण गृहीत धरतो. ती नुसती ताकद आहे. खड्डा चुकीच्या जागी खणला जात असेल तर जिद्दी माणूस तो जास्त खोल खणतो. २०१५ मध्ये न्यायालयाने राजूंना सात वर्षांची शिक्षा सुनावली.

आता कोणी म्हणेल, कुठे शिरोलीतला फाउंड्रीवाला आणि कुठे सत्यम. बरोबर आहे. राजूंना कोणी एकशेवीस दिवस लटकवलं नव्हतं, त्यांचा दबाव शेअर बाजाराचा होता, आणि त्यांना तीन टक्के कबूल करण्याची ऐपत होती. भाव पडला असता, टीका झाली असती, कंपनी राहिली असती. तीन टक्के नफा सांगून लाज वाटण्यापलीकडे फारसं काही बिघडत नव्हतं. फाउंड्रीवाल्याने बँकेत खरं सांगितलं तर त्याच महिन्यात त्याचे चेक परत येऊ शकतात. ज्याला खरं बोलणं परवडत होतं तो खोटं बोलला, आणि ज्याला ते परवडत नाही त्याच्याकडून आपण ते गृहीत धरतो. म्हणून दोघांना एकच उपदेश करणं मला अन्यायाचं वाटतं.

लहान माणूस आपोआप सच्चा असतो असं मात्र मला म्हणायचं नाही. स्वतःचे पैसे अडकले म्हणून गळा काढणारा मालक आपल्या जॉबवर्कवाल्याला, टेम्पोवाल्याला, पॅटर्न बनवणाऱ्या सुताराला तसाच लटकवतो हे रोज दिसतं. कामगाराच्या पगारातून पीएफ कापून तो न भरणारे कारखाने सगळ्या एमआयडीसींमध्ये सापडतील. कच्च्या पावतीवर माल विकणारे तर विचारूच नका. ‘वरून आले की देतो’ हे वाक्य साखळीच्या प्रत्येक कडीवर ऐकू येतं आणि प्रत्येक कडीला ते काही प्रमाणात खरंही असतं. म्हणूनच ही साखळी खालून सुटणार नाही. वरच्या टोकाला ज्याच्या खात्यात पैसे पडून आहेत, तिथूनच सुरुवात करावी लागेल.

कायदे नाहीत असंही नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. तक्रारीसाठी परिषद आहे, तिने नव्वद दिवसांत निकाल द्यावा असं लिहिलेलं आहे. निकालाविरुद्ध खरेदीदाराला कोर्टात जायचं तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. कागदावर इतका कडक कायदा क्वचित सापडेल. २०१७ मध्ये तक्रारीसाठी समाधान पोर्टल आलं. २०१९ पासून कंपन्यांना ४५ दिवसांपेक्षा जास्त थकलेल्या रकमांचा सहामाही तपशील, कारणांसह, कंपनी व्यवहार मंत्रालयाला द्यावा लागतो.

मग अडतं कुठे? तक्रार पुरवठादाराने करायची आहे, तिथे. ज्या कंपनीवर आपली साठ टक्के विक्री अवलंबून आहे तिच्याविरुद्ध तक्रार टाकायची म्हणजे पुढची पर्चेस ऑर्डर स्वतःच्या हाताने फाडायची. पर्चेस खात्यातला माणूस तोंडाने काही बोलणारही नाही. पुढच्या वेळी फक्त दर जमला नाही असं कळवेल. त्यामुळे तक्रारी येतात त्या बहुतेक संबंध तुटल्यावर, जेव्हा गमावण्यासारखं काही राहिलेलं नसतं.

२०२३ च्या अर्थसंकल्पाने ही गोम ओळखली, एवढं श्रेय द्यायला हवं. सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च खरेदीदाराला त्या वर्षी उत्पन्नातून वजा करता येणार नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच मिळेल, अशी तरतूद आयकर कायद्यात आली. पुरवठादाराने तोंड उघडायची गरज नाही, हे यातलं मर्म. त्यावर व्यापारी संघटनांनी ओरड केली, अंमलबजावणी पुढे ढकला म्हणून निवेदनं दिली. सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून केलेली नोंदणी रद्द करा तरच माल घेऊ, असं पुरवठादारांना सांगितलं जात असल्याच्या तक्रारीही आल्या. खरेदीदार नोंदणी नसलेल्या किंवा मध्यम आकाराच्या उद्योगांकडे वळतील आणि ज्याच्यासाठी कायदा केला त्याचंच काम जाईल, असा युक्तिवाद झाला.

हा युक्तिवाद अगदीच खोटा नाही. पण तो नीट ऐकला तर त्यात एक कबुली आहे. लहानाकडून माल घेण्यात आमचा फायदा त्याच्या दरात किंवा दर्जात जेवढा आहे, तेवढाच त्याला लटकवता येण्यातही आहे, असं हे लोक सांगत असतात. तसं असेल तर ही सवलत खरेदीदाराला कोणी आणि का दिली, हा प्रश्न उघडपणे विचारला पाहिजे.

माझी सूचना जीएसटीपासून सुरू होते, कारण तिथे पैसा दर महिन्याला हलतो. नोंदणीकृत सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराच्या बिलावरचं क्रेडिट खरेदीदाराला ४५ दिवसांपुरतंच मिळावं. तोवर पैसे दिले नाहीत तर ते व्याजासह परत जावं. एका कायद्यात ४५ दिवस आणि दुसऱ्यात १८० दिवस, ही विसंगती ठेवायला काही कारण दिसत नाही. पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्या बहुतेक उद्योगांचं बी-टू-बी, म्हणजे एका व्यवसायाने दुसऱ्याला दिलेलं, बिल आता ई-इनव्हॉइस म्हणून सरकारी यंत्रणेत नोंदवलं जातं. पैसे दिल्याची तारीख तिथेच नोंदवायला लावणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. अवघड आहे ते मोठ्या कंपन्यांना नाराज करणं. खरेदीदारही स्वतः सूक्ष्म किंवा लघु असेल तर त्याला थोडी जास्त मुदत द्यावी, त्याला माझी हरकत नाही.

यात एक मोठा गुन्हेगार मात्र सुटतो, तो म्हणजे सरकार. सरकार आयकर भरत नाही, त्यामुळे खर्च वजा न होण्याची त्याला भीती नाही, आणि क्रेडिटचीही नाही. राज्यातल्या कंत्राटदारांच्या संघटनांना थकलेल्या बिलांसाठी गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा आंदोलनं करावी लागली आहेत. रस्ते, पाणीयोजना, इमारती, सगळीकडे काम आधी, पैसे निधी आल्यावर. निधी कधी येणार हे जिल्ह्यातल्या कुठल्याच अधिकाऱ्याला सांगता येत नाही. उद्योजकतेच्या योजना जाहीर करणारं खातं आणि उद्योजकाचं बिल दाबून बसलेलं खातं एकाच मंत्रालयाच्या दोन मजल्यांवर असतात. कामाची घोषणा करतानाच त्याच्या बिलांसाठी पैसे वेगळ्या खात्यात बाजूला काढायचे, ते नसतील तर वर्कऑर्डर निघणारच नाही, एवढी शिस्त सरकारने स्वतःला लावून घेतली तर नव्या योजनेपेक्षा तिचा उपयोग जास्त होईल. घोषणा कमी होतील हे उघड आहे, आणि हे होणार नाही त्याचं कारणही तेच.

कायदे बदलायला वेळ लागेल. आपल्या उद्योजक मंडळांना आणि संमेलनांना मात्र उद्यापासून एक गोष्ट करता येईल. दरवर्षी कितीतरी उद्योगभूषण आणि उद्योगरत्न पुरस्कार वाटले जातात. निवडताना उलाढाल बघतात, निर्यात बघतात, किती जणांना रोजगार दिला ते बघतात. त्यात एक रकाना वाढवावा, लहान पुरवठादारांचे पैसे सरासरी किती दिवसांत दिले. कंपनी असेल तर तिने कंपनी व्यवहार मंत्रालयाला दिलेला सहामाही तपशील अर्जासोबत मागावा, कंपनी नसेल तर सीएचा दाखला. आकडा ४५ च्या वर असेल तर त्या वर्षी अर्ज बाजूला ठेवावा, बाकी कर्तृत्व कितीही मोठं असलं तरी. आयोजक म्हणतील, अशाने प्रायोजक मिळणार नाहीत. प्रायोजकांची यादीही मग त्याच रकान्यातून एकदा तपासून बघायला हरकत नाही.